सिस्टरांचं घर

मागच्या चैत्रात मी रत्नागिरीहून राजापूरच्या गाडीत बसले होते. हातखंब्याला एक बाई चढल्या. पिशवीत फणसाच्या दोन कुयऱ्या, रुमालाच्या गाठीत सुटे पैसे. माझ्या शेजारी बसल्या, दोनतीनदा माझ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "तुमी सिस्टरांची थोरली ना?" आमच्या भागात माझी ओळख आजही एवढीच. नाव, शिक्षण, पुण्यातली नोकरी वगैरे सगळं त्यानंतर. मी हो म्हटलं आणि मग पाली येईपर्यंत त्या आईबद्दलच बोलत राहिल्या. त्यांचं पहिलं बाळंतपण, नरक चतुर्दशीची पहाट, साकवापलीकडची वाडी, मूल पायाळू, न्यायला गाडी नाही, घरातल्या बायकांनी रडायला सुरुवात केलेली आणि त्या सगळ्यात सिस्टर तेवढ्या शांत. कंडक्टर आला तेव्हा माझं अर्धं तिकीट त्यांनीच काढलं. मी नको नको म्हणत राहिले, पण त्यांनी माझा हात बाजूला सारून नोट पुढे केली. उतरताना म्हणाल्या, "सिस्टरांनी आमाला अगदी घरच्यासारखं केलंन हो."

मी हसले. गाडी सुटली आणि मनात आलं, घरच्यासारखं? घरच्यांना एवढं कधी मिळालं?

हे मनात आलेलं मला आवडलं नाही. चाळिशी उलटलेल्या बाईने आईच्या वेळेचा हिशेब अजून मांडावा, हे बरं दिसत नाही. पण लांज्यापर्यंत दुसरं काही सुचेना, कारण ती नरक चतुर्दशी मलाही आठवत होती. फक्त आमच्या बाजूने.

त्या पहाटे बंब बाबांनी पेटवला होता. तेल बाबांनीच लावलं. प्राथमिक शिक्षकाचा हात, खडूने कोरडा पडलेला, त्यात उटण्याची खरखर, त्यामुळे धाकटा ओरडत होता. तुळशीपुढे कारीट फोडायला आम्ही उभे राहिलो तेव्हा बाबा रस्त्याकडे बघत होते. शेवटी त्यांनीच "गोविंदा" म्हटलं आणि आम्ही डाव्या अंगठ्याखाली कारीट चिरडून कडू बोट जिभेला लावलं. शेजारच्या घरांतून पाच तऱ्हेच्या पोह्यांचे वास येत होते. आमच्याकडे गुळाचे पोहे होते, तेवढेच बाबांना जमायचे. ऊन चढल्यावर आई आली. पायऱ्यांवरच बसली, साडीचा काठ गुडघ्यापर्यंत भिजलेला. म्हणाली, "मुलगा झाला. दोघंही ठीक आहेत." मला आठवतं, मी विचारलं होतं, कुणाला? जणू मुलगा झाल्याची बातमी आमच्याच घरची असल्यासारखी तिने दिली होती.

आई आरोग्य सेविका होती, म्हणजे सरकारी भाषेत. लोकांच्या भाषेत सिस्टर. डोंगराळ भागात एका उपकेंद्राकडे 3000 लोकसंख्या असावी असा नियम आहे, सपाटीवर 5000. कागदावर 3000 हा आकडा लहान वाटतो. आमच्याकडे तो सातआठ वाड्यांत विखुरलेला होता आणि दोन वाड्यांच्या मध्ये एकेक टेकडी नाहीतर पऱ्या, म्हणजे ओढा, होता. पुढच्या खोलीत उपकेंद्र, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. मध्ये एक पडदा. पडद्याच्या अलीकडे फोडणीचा वास, पलीकडे स्पिरिट आणि सॅव्हलॉनचा. एकच स्टोव्ह दोन्हीकडे फिरायचा, आधी त्यावर काचेच्या सिरिंजा आणि सुया उकळायच्या, मग आमचा भात. बाहेरच्या भिंतीवर लाल त्रिकोण आणि त्याखाली "छोटे कुटुंब, सुखी कुटुंब". मार्च जवळ आला की कुटुंब नियोजनाच्या टार्गेटपायी आई महिनाभर दुसऱ्यांची कुटुंबं छोटी करत हिंडायची आणि आमचं छोटं सुखी कुटुंब त्याच भिंतीला टेकून तिची वाट बघत बसायचं. 1996 मध्ये सरकारने टार्गेटची पद्धत काढून टाकली. आमच्या घरात त्या बातमीचं स्वागत जवळजवळ सणासारखं झालं होतं. पण मासिक सभेत साहेब लोक "केसेस किती?" हे पुढेही विचारतच राहिले.

दाराच्या आत खुंटीला एक पाटी टांगलेली असायची, बाबांच्या शाळेतली, एक कोपरा फुटलेली. रात्री कुणी बोलवायला आलं की आई तिच्यावर वाडीचं नाव लिहायची आणि निघायच्या आधी आम्हा दोघांना उठवायची. पूर्ण जागं करायची. "मी बौद्धवाडीत जातेय. पहाटेपर्यंत नाही आले तर बाबा चहा करतील." त्या झोपमोडीचा मला भयंकर राग यायचा. गुपचूप जा ना, सकाळी कळलंच असतं की. अंगणात बॅटरी घेऊन उभा असलेला माणूस, त्याच्या बिडीचा वास, आईच्या पिशवीत किडनी ट्रे किणकिणल्याचा आवाज, आणि मग चपला लांब जात जात कुत्र्यांच्या भुंकण्यात मिसळायच्या. बाबा पाटी वाचायचे आणि काही न बोलता कंदील बारीक करायचे.

बाबा एकदाच बोलले.

मला ताप होता. किती ते मला कसं कळणार, पण छतावरचे वासे जवळ येतायत असं वाटत होतं. आई कपाळावर घड्या ठेवत होती. तेवढ्यात हाक आली. बाबा म्हणाले, "आज नको जाऊ." आई थांबली. तिने थर्मामीटर झटकून पुन्हा लावला, वाचला, गोळी कधी द्यायची ते बाबांना सांगितलं आणि पाटीवर नाव लिहिलं. बाबांनी पाटी उचलून भिंतीकडे उलटी केली. आईने ती परत सरळ केली आणि गेली. सकाळी आली तेव्हा माझा ताप उतरला होता आणि तिकडचं मूल गेलं होतं. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. ती न्हाणीघरात बराच वेळ होती, मग येऊन मला मांडीवर घेऊन बसली. तिच्या हातांना साबण लावूनही सॅव्हलॉनचा वास येत होता आणि मी मान फिरवली. बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांना कुठूनतरी कळलं असावं, कारण त्या संध्याकाळी त्यांनी तिच्या चपलांचा तुटलेला अंगठा शिवून आणला.

आई गेली हे बरोबर की चूक, यावर मी आजवर ठाम होऊ शकलेले नाही. मूल वाचलं असतं तर सोपं होतं, "बघा, गेली म्हणून वाचलं" असं म्हणता आलं असतं. मला काही झालं असतं तरीही उत्तर सोपंच झालं असतं, दुसऱ्या बाजूने. तसं काहीच झालं नाही. ज्याला गरज आहे त्याच्याकडे ती गेली आणि तिथे तिचा उपयोग झाला नाही, इकडे मला तिची तितकी गरज निघाली नाही. एवढंच.

शाळेत भाषणस्पर्धा असायच्या आणि मला हमखास सेवेवरचा विषय मिळायचा, सिस्टरांची मुलगी म्हणून. महर्षी कर्व्यांवरचं भाषण मला अजून पाठ आहे. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचं आणि ते आटोपलं की पायी हिंगण्याला आश्रमात जायचं, पावसापाण्यात, चिखलातून. 1900 मध्ये हिंगण्याच्या माळावर पहिली झोपडी. टाळ्या. आज त्याच रस्त्यावर, कर्वेनगरच्या सिग्नलला, मी रोज वीस मिनिटं अडकते आणि तेव्हा मला अण्णासाहेबांपेक्षा बाया, म्हणजे त्यांच्या पत्नी आनंदीबाई, जास्त आठवतात. संध्याकाळी ते हिंगण्याला निघाले की घरात कोण उरत होतं, हे त्या भाषणात नव्हतं. बायांनी स्वतःच्या आठवणी लिहिल्या आहेत आणि संसाराची ओढाताण त्यांनी त्यात झाकलेली नाही. त्या वाचल्या तेव्हा मला बाईंचा धाक वाटला. एवढ्या मोठ्या माणसाची बायको असून त्या तक्रार करतात, आणि तरी त्याच कामासाठी पदर पसरून वर्गणी मागत फिरतात. दोन्ही एकाच बाईने करावं यात आपल्याला विसंगती वाटते. मला वाटतं, घरात राहिलेल्या माणसाचं खरं बोलणं असंच असणार.

यातून वाट काढणाऱ्यांनीही किती वेगवेगळ्या वाटा काढल्या. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे 1973 मध्ये हेमलकशाला गेले आणि त्यांनी आपली मुलं माडिया मुलांच्याच शाळेत, त्यांच्याच बरोबर वाढवली. घर आणि काम यांच्यामधला पडदाच काढून टाकला म्हणायचं. सिंधुताई सपकाळांनी नेमकं उलट केलं. आपलं आणि दुसऱ्याचं मूल यात हातून डावंउजवं होऊ नये म्हणून पोटच्या मुलीला पुण्याच्या दगडूशेठ हलवाई ट्रस्टकडे सोपवलं. माई त्याबद्दल सभांमधून सांगायच्या तेव्हा लोक डोळे पुसायचे. मी अडखळते. ती मुलगी पुढे आईच्याच कामात उतरली हे ठाऊक असूनही अडखळते. मुलांना विचारून यातलं काहीच ठरत नाही. हेमलकशातही नाही, आणि आमच्या उपकेंद्रातही नाही.

आणि तरी सगळा हिशेब आम्हा मुलांच्या बाजूने मांडायचा म्हटलं तर तो खोटा होईल. पहिली गोष्ट म्हणजे आई घरात असायची तेव्हा ती दमलेली, चिडकी, साधी बाई असायची. साकवापलीकडे गेली की ती सिस्टर व्हायची. म्हातारे उठून उभे राहायचे. मी एकदा सुट्टीत तिच्याबरोबर लसीकरणाला गेले होते. एका सासूबाईंना ती अशा आवाजात म्हणाली, "सुनेला आधी जेवायला घाला, मग माझ्याशी बोला," की मी बघतच राहिले. असा आवाज तिने आमच्या आजीपुढे जन्मात काढला नव्हता. त्या कामातून तिला काही मिळत होतं, आणि ते आम्ही तिला देऊ शकत नव्हतो. त्यागाच्या गोष्टी सांगणारे हा भाग गाळतात. दुसरं असं की त्या वाड्यांनीही आम्हाला सांभाळलं. ती नसताना दारात कुणी मासळी ठेवून जायचं, कुणी नव्या तांदळाची पिशवी. धाकट्याला पोहायला भंडारवाडीतल्या एका आजोबांनी शिकवलं. मी न्हातीधुती झाले तो दिवसही आई फिरतीवर असतानाचाच, आणि मला जवळ घेऊन सगळं समजावलं ते अंगणवाडीच्या ताईंनी.

याच अंगणवाडीताईंनी एकदा आमच्या घरावर फुली मारली होती. पल्स पोलिओचे दिवस. 1995 पासून पुढची कितीतरी वर्षं आमच्या घरातले थंडीतले रविवार त्यात गेले. आई एका बूथवर, बाबांनाही शिक्षक म्हणून दुसऱ्या बूथवर ड्युटी, आणि त्या खेपेला धाकट्याला मावशी रत्नागिरीला घेऊन गेलेली. सोमवारी ताई घरोघर फिरत आल्या. ज्या घरातली सगळी मुलं झाली त्या घरावर खडूने "पी", ज्या घरात एखादं राहिलं तिथे "एक्स". नियम म्हणजे नियम. डावी करंगळी शाईने न रंगलेलं पाच वर्षांखालचं एक मूल या घरात बाकी होतं. संध्याकाळी निळ्या व्हॅक्सिन कॅरिअरचा पट्टा खांद्यावरून उतरवत आई आली, दारावरचा "एक्स" तिने पाहिला आणि तिथेच उभी राहून हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मग ते हसण्याचं राहिलं नाही. धाकट्याला तिने दुसऱ्याच दिवशी परत आणवून डोस पाजला, पण ती खूण काही पुसली नाही. बाबा एकदा फडकं घेऊन उठले तर म्हणाली, "राहू दे."

2011 च्या जानेवारीत हावड्याला देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि 27 मार्च 2014 ला भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. टीव्हीवर बातमी लागली तेव्हा मी माहेरी होते. वाटलं, आता आई काहीतरी बोलेल. तिने उजवा खांदा चोळला आणि म्हणाली, "तो पट्टा फार काचायचा गं."

आता वाडीवाडीत आशाताई आहेत, 2005 मध्ये ती योजना आली. 108 ला फोन केला की गाडी येते. बाळंतपणं घरी होत नाहीत, व्हावीत असं आईलाही वाटत नाही. पण मी गावी गेले की बघते. रात्री अकराला आशाताईचा फोन वाजतो, कुणाच्या तरी पोटात दुखायला लागलेलं असतं, आणि तिचा नवरा न बोलता शर्ट चढवून दुचाकी काढतो. आशाताईला पगार नाही, थोडं मानधन आणि कामागणिक मोबदला आहे. कुठल्या कामाला किती त्याचा तक्ता ठरलेला आहे. नवऱ्याच्या पेट्रोलचा, तिच्या सासूने रात्री नातवाला थोपटण्याचा, थोरल्या मुलीने सकाळी उठून टाकलेल्या भाकऱ्यांचा रकाना त्यात नाही. समाजसेवा एकटं माणूस करतं असं आपण धरून चालतो आणि हार त्याच्याच गळ्यात घालतो. मला विचाराल तर ती अख्खं घर मिळून करतं, काहीजण मनापासून, काहीजण नाइलाजाने. "आधी घर की आधी समाज" हा वाद मला म्हणूनच पोकळ वाटतो. घराने उचललं नाही तर समाज दुसऱ्याच आठवड्यात अडतो. विचारायचं झालंच तर एवढंच विचारावं, की त्या घरातल्यांना कुणी विचारलं होतं का, आणि निदान सांगून तरी गेलं होतं का?

गाडीतल्या त्या बाईंची हकिगत मी त्या रात्री आईला फोनवर सांगितली. वाटलं, तिला भरून येईल. तिने लगेच विचारलं, "पायाळू होता तोच ना? पावणेदोन किलो. आता काय करतो?" तीस वर्षांपूर्वीचं वजन! मी म्हटलं, "मग माझं किती होतं?" पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाली, "तुझं बाळंतपण मी थोडंच केलं होतं?"

मी फोन ठेवून खूप हसले. नवऱ्याला सांगितलं तर तो हसला नाही, म्हणाला, हे जरा वाईटच आहे. मला खरंच वाईट वाटलं नाही. ती पाटी आठवली. दर वेळी आम्हाला झोपेतून उठवून, डोळे उघडल्याची खात्री करून ती निघायची. आता मला वाटतं, ती परवानगी मागत होती. दोन लहान मुलांकडून कसली परवानगी, आम्ही नाही म्हटलं असतं तरी ती गेलीच असती. तरी मागत होती.

पावसाळ्याच्या तोंडावर बाबांना पक्षाघाताचा हलका झटका आला. उजवा हात वाचला, डावा पाय रेंगाळायला लागला. फिजिओथेरपीसाठी पुण्याला आणायचं ठरलं तेव्हा मला वाटलं होतं, आई गाव सोडायला तयार होणार नाही. तिच्याकडे अजून बायका यायच्या, निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी. पण तिने एका दिवसात सामान बांधलं. दारात आलेल्या बायकांना उपकेंद्रातल्या नव्या सिस्टरांचा नंबर लिहून दिला आणि कुलूप घातलं. "आता ह्यांचं," म्हणाली. मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडला. म्हटलं, चला, उशिरा का होईना, आमची पाळी आली.

ती पाळी फार टिकली नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या लेकीच्या पायांवर सूज होती, सातवा महिना. आईने बोट दाबून पाहिलं, खळगा भरायला किती वेळ लागतो ते पाहिलं आणि कपाटातून बीपीचं यंत्र काढलं. पोरीला घेऊन ती ससूनला गेली आणि रात्री दहाला परत आली. तोपर्यंत बाबांना मी जेवू घातलं, ऑफिसचा एक कॉल बंद ठेवून, मनात धुमसत. आल्या आल्या तिने विचारलं, "ह्यांनी गोळी घेतली?" मी म्हटलं, "हो, घेतली, मी आहे ना इथे." या वाक्यात जेवढं तिखट घालता येईल तेवढं मी घातलं होतं. ती फक्त "बरं झालं" म्हणाली आणि हात धुवायला गेली.

मावशींची लेक नीट बाळंत झाली. मग बिल्डिंगमधल्या बायका यायला लागल्या, मग वॉचमनची बायको, मग शेजारच्या बिल्डिंगच्या. मी बाबांच्या वतीने चिडायचं ठरवून एका दुपारी लवकर घरी आले. बघते तर बाबा खिडकीपाशी खुर्चीत, मांडीवर दोनशे पानी वही. समास आखलेला, अनुक्रमांक, नाव, वय, वरचं बीपी, खालचं बीपी, शेरा. जिल्हा परिषदेच्या शाळेतलं ते वळणदार अक्षर, किंचित थरथरणारं. एका आजींना ते विचारत होते, "गोळी वेळेवर घेता का? खरं सांगा, मी लिहिणार आहे." झटका आल्यापासून त्यांचा एवढा खणखणीत आवाज मी ऐकला नव्हता. फिजिओथेरपीवाल्या मुलाला ते रोज टाळतात, ही वही मात्र एक दिवसही चुकवत नाहीत.

मी एवढाच आग्रह धरला की त्यांच्या जेवणाच्या आणि झोपेच्या वेळी कुणी येऊ नये. आईला पटलं, अगदी लगेच पटलं, आणि त्याचाही मला थोडा राग आला. लेकाकडून मी एक कागद लिहून घेतला आणि दारावर चिकटवला: "क्रुपया दुपारी 1 ते 4 बेल वाजवू नये." दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर "क्रुपया"वर लाल पेनाची रेघ, वर "कृपया", समासात "शुद्धलेखन सुधारा", आणि खाली त्याच लाल अक्षरात एक जादा ओळ: "अडचण असल्यास वाजवावी."